वर्षात तीन ठिकाणी राहणाऱ्यांनी घर कुठं करावं?

गेल्या वेळी आपण गटाच्या हिशेबाच्या वहीबद्दल बोललो होतो. आज विषय घराचा आहे. घर कसं बांधायचं हे गवंडी सांगेल. घर कुठं करायचं, हे मात्र आपल्याला कोणी सांगत नाही. त्यातून ज्यांचं बिऱ्हाड वर्षभर पाठीवरच असतं, त्यांनी तर हा प्रश्न कोणाला विचारायचा?

आम्ही बीड जिल्ह्याच्या डोंगराळ पट्ट्यातल्या. आमच्याकडं दसरा झाला की ट्रक लागतात, ट्रॅक्टर लागतात. नवरा-बायको मिळून एक कोयता. मुकादमाकडून उचल घेतलेली असते, ती फेडायला सांगली, कोल्हापूर, सातारा, कुणी कर्नाटकात बेळगावकडं जातात. तिथं फडाजवळ कोपी टाकायची, पहाटे तीनला उठायचं, ऊस तोडायचा, मोळ्या बांधायच्या, गाडी भरायची. पाडव्याच्या आसपास परत. मग उन्हाळ्यात पुण्याकडं बांधकामावर, आणि पेरणीला गावात. अशा बाईला तुम्ही विचारलं, तुझं घर कुठं, तर ती क्षणभर थांबते. आम्ही हे पाहिलेलं आहे.

आमच्या गटातल्या एका ताईंनी पाडव्यानंतरच्या बैठकीत विषय काढला. वस्तीवरचं घर म्हणजे मातीच्या भिंती आणि पत्रे. मागच्या वळवाच्या पावसात दोन पत्रे उडाले, ते शेजारच्या रानात सापडले. आता यादीत घरकुल आलं होतं, थोडी बचतही होती. त्यांच्यापुढं जागा तीन होत्या. एक, आहे त्याच वस्तीवर, सासऱ्यांच्या जागेत. दुसरी, तालुक्याच्या गावाबाहेर एक गुंठ्याचा प्लॉट, दलाल रोज फोन करत होता. तिसरी, कारखान्याच्या पट्ट्यात. मुकादमाच्या ओळखीचा कोणी जागा विकत होता आणि ‘सहा महिने तिथंच असता, तिथंच घ्या की’ असं त्याचं म्हणणं. मालकांचा कल तालुक्याकडं, सासूबाईंचा वस्तीकडं. ताई म्हणाल्या, ‘मला काहीच सुचंना, तुम्ही सांगा.’

आम्ही लगेच काही सांगितलं नाही. त्याला कारण आहे, ते पुढं सांगतो.

आम्ही ज्वारीचे दाणे घेतले. एक दाणा म्हणजे एका माणसाचा एक महिना. घरात माणसं पाच, म्हणजे वर्षाचे साठ दाणे. जमिनीवर खडूनं तीन गोल काढले: वस्ती, फड, पुणे. मग ताईंनाच विचारत विचारत दाणे ठेवले. नवरा-बायको आणि लहान मुलगा, तिघं पाच महिने फडावर, दोन महिने पुण्यात, पाच महिने वस्तीवर. सासूबाई आणि मोठी मुलगी बाराही महिने वस्तीवर. मोजलं तर फडावर पंधरा दाणे, पुण्यात सहा आणि वस्तीवर एकोणचाळीस. ताई बघतच राहिल्या. त्यांच्या डोक्यात स्वतःचे सात महिने होते, मागं राहणाऱ्या दोघींचे चोवीस नव्हते. आपण बायका हिशेबातून स्वतःला वगळतो असं म्हणतात, इथं ताईंनी म्हातारीला आणि पोरीला वगळलं होतं.

कारखान्याजवळची जागा तिथंच मागं पडली. आणखी एक गोष्ट होती. मागच्या पाच हंगामांत ताई तीन वेगवेगळ्या कारखान्यांवर गेल्या होत्या. मुकादम बदलला की कारखाना बदलतो. कारखाना तोच राहिला तरी टोळी कुठल्या गावाच्या फडात पडेल ते आपल्या हातात नसतं. तोड संपली की तिथं काम नाही, ओळख नाही. काम जिथं नेईल तिथं जायचं, हे पोटासाठी ठीक आहे. पण घर उचलून नेता येत नाही. तिकडंच बारमाही काम मिळालं, मुलं तिथल्याच शाळेत रुळली, अशी कुटुंबंही आम्हाला ठाऊक आहेत, त्यांचं गणित वेगळं. त्यांचे दाणे त्या गोलात जास्त पडतील आणि त्यांनी तिथंच घर करावं.

रेशनसाठी म्हणून गाव सोडता येत नाही, असं पूर्वी असायचं. आता रेशन कार्ड आधारला जोडलेलं असेल तर अंगठा लावून धान्य दुसऱ्या जिल्ह्यात, दुसऱ्या राज्यातही उचलता येतं. त्यामुळं घराची जागा ठरवताना रेशनचं ओझं मनावर घेऊ नका. शाळेचं घ्या.

कारण दाणे मोजून झाल्यावर आम्हाला वाटलं, झालं, वस्तीवरच बांधा. तेवढ्यात कोपऱ्यात बसलेली त्यांची मुलगी बोलली. ती सहावीत. वस्तीवरची शाळा चौथीपर्यंतच. पुढं मोठ्या गावात, तीन किलोमीटर पायी, मध्ये ओढा. पूर्वी चार मुली मिळून जायच्या. एकीचं लग्न झालं, दोघी आईबापाबरोबर फडावर गेल्या. आता ती एकटी. आजी म्हणते, एकटीनं जायचं नाही. पावसाळ्यात ओढ्याला पाणी आलं की तसंही घरीच. ती एवढंच म्हणाली, ‘घर इथंच बांधलं तर माझी सातवी नाही होणार.’

बैठकीत कोणी बोलेना. आमच्यातल्या निम्म्या जणींची शाळा अशीच एखाद्या ओढ्याच्या अलीकडं संपलेली आहे. आणि शाळा सुटलेल्या मुलीचं पुढं काय होतं तेही सगळ्यांना ठाऊक. आईबाप सहा महिने बाहेर, घरात म्हातारी आणि वयात आलेली पोर. मग ‘जबाबदारी उरकून टाकू’ म्हणून चौदाव्या-पंधराव्या वर्षी लग्न लावतात, आणि हंगामाला एक नवा कोयता तयार होतो. हे आम्ही कडू बोलतोय, पण खोटं नाही.

म्हणजे नुसते दाणे मोजून भागत नाही. हे दाणे मागच्या वर्षाचे. पुढच्या चार-पाच वर्षांत ते कुठं सरकावेत असं आपल्याला वाटतं, तेही बघावं लागतं. घर शाळेजवळ असेल तर मुलगी शिकेल. आणि आजीजवळ राहून शाळेत जाणं सोपं झालं तर लहान मुलालाही फडावर न्यायची गरज नाही. हंगामी वसतिगृहाची सोयही बहुधा अशाच शाळांच्या आधारानं होते, जिथं मागं राहिलेल्या मुलांना जेवण मिळतं. म्हणजे फडावरचे त्याचे पाच दाणे इकडं आले.

मग तालुक्यालाच का नको? शाळा आहे, कॉलेज आहे, दवाखाना, बाजार, एसटी. मालक तेच म्हणत होते आणि त्यांचं चूक नव्हतं. आमच्या ओळखीच्या एका कुटुंबानं तालुक्यात दोन खोल्या बांधल्या, एक भाड्यानं दिली, हंगामात भाडेकरू घर राखतो आणि भाड्यात मुलांचा खर्च निघतो. त्यांनी ऊसतोड सोडली. पण त्यांच्याकडं जागेचे कागद पक्के होते.

आता आमची चूक सांगतो. दोन वर्षांपूर्वी आमच्याच गटातल्या एका मैत्रिणीनं असाच गुंठ्याचा प्लॉट घेतला आणि आम्ही गटातून कर्ज दिलं. शेतजमिनीचे तुकडे पाडून, चुन्याच्या रेघा मारून विकलेले प्लॉट. शंभराच्या स्टॅम्पवर लिहून, नोटरीचा शिक्का मारून कागद दिला. शिक्का गोल, लाल, मोठा. आम्हाला वाटलं झालं पक्कं. तो कागद आम्ही बैठकीत हातोहात फिरवला, कौतुक केलं. आमच्यात बी.ए. झालेलीही एक आहे, तिनंही वाचून मान डोलावली होती. आज सातबाऱ्यावर नाव जुन्याच मालकाचं, त्याच्या भावानं हिस्सा मागितलेला, आणि मैत्रिणीचे हप्ते चालूच. शेकडा दोन म्हणजे वर्षाला चोवीस, जागा हातात नसली तरी व्याज थांबत नाही.

तेव्हा आम्ही शिकलो ते असं. शंभर रुपयांपेक्षा जास्त किमतीची जागा किंवा घर विकत घ्यायचं तर दुय्यम निबंधक कार्यालयात खरेदीखत नोंदवावंच लागतं. नोटरीचा शिक्का म्हणजे सही या माणसानं केली एवढीच साक्ष, त्यानं मालकी बदलत नाही. शेतजमिनीचा एक-दोन गुंठ्यांचा तुकडा विकायला तुकडेबंदीचा कायदा आडवा येतो, तो १९४७ पासून आहे. म्हणून ‘रजिस्ट्री नंतर करू’ असं विकणारा म्हणाला की समजायचं, आज होत नाही म्हणून तो नंतर म्हणतोय. जागा बिगरशेती झाली आहे का, त्याचा आदेश दाखवा म्हणायचं. सातबारा आता ऑनलाइन निघतो, विकणाऱ्यानं दिलेल्या झेरॉक्सवर विश्वास ठेवायचा नाही, स्वतः काढायचा. त्यात मालक किती आहेत ते मोजायचं. ‘इतर हक्क’ म्हणून जो रकाना असतो तो वाचायचा, बँकेचा किंवा सोसायटीचा बोजा तिथं दिसतो. भोगवटादार वर्ग दोन असं लिहिलेलं असेल तर ती जमीन परवानगीशिवाय विकता येत नाही. आणि गायरानावर बांधलेलं घर कितीही पक्कं असलं तरी खालची जमीन सरकारची.

गावठाणातल्या जागेचे कागद वेगळे. तिथं ग्रामपंचायतीचा नमुना नंबर आठचा उतारा असतो. तो घरपट्टीचा कागद आहे, मालकीचा पक्का पुरावा म्हणून तो एकटा पुरत नाही. पण नाव कुणाचं लागलंय ते त्यात कळतं. ज्या गावांत स्वामित्व योजनेत ड्रोननं मोजणी झाली आहे तिथं भूमी अभिलेखकडून मिळकत पत्रिका मिळते. असेल तर ती बघायची.

ताईंच्या तालुक्याच्या प्लॉटचा कागद मागवला तर दलाल आधी म्हणाला देतो, मग म्हणाला परवा देतो, मग त्यानं फोन उचलणं बंद केलं. बरं झालं.

आणखी एक अडचण होती. घरकुल हे प्रधानमंत्री आवास योजनेच्या ग्रामीण भागातून मंजूर झालेलं. ते आपल्या ग्रामपंचायतीच्या हद्दीत बांधायचं असतं. नगरपंचायतीच्या हद्दीत जागा घेतली तर हे घरकुल तिकडं नेता येत नाही, शहराची योजना वेगळी, यादी वेगळी. म्हणजे तालुक्याला जायचं तर हातात आलेलं अनुदान सोडायचं. सपाट भागात त्याची मूळ रक्कम १ लाख २० हजार, वर शौचालयाचे १२ हजार आणि रोजगार हमीतून ९० दिवसांची मजुरी. एवढ्यात घर पुरं होत नाही हे सगळ्यांना माहीत आहे, पण ते सोडून देण्याएवढे श्रीमंत आपल्यात कोणी नाही.

बोलता बोलता चौथी जागा निघाली, जिचा आधी कोणी विचारच केला नव्हता. जिथं शाळा आहे ते मोठं गाव. वस्ती आणि ते गाव ग्रामपंचायतीला एकच. म्हणजे घरकुल जात नाही. शाळा दहावीपर्यंत, उपकेंद्र, एसटीचा थांबा, आणि हंगामाचे ट्रकही तिथूनच सुटतात. सासूबाईंची बहीण तिथंच दिलेली, त्यामुळं ‘मी परक्या गावात जाणार नाही’ हा त्यांचा हेका दोन दिवसांत मऊ झाला. वस्तीवरची शेती तीन किलोमीटरवर राहते, तेवढं चालणं नवऱ्याला जमतं. तीन किलोमीटर पोरीनं चालायचे की बापानं, एवढाच प्रश्न होता म्हणा ना.

जागा घ्यायला पैसा हवा होता. ज्यांच्याकडं घरकुल मंजूर आहे पण जागा नाही, त्यांना जागा खरेदीसाठी पंडित दीनदयाळ उपाध्याय यांच्या नावाची योजना आहे, ५०० चौरस फुटांपर्यंतच्या जागेला मदत मिळते. रक्कम आणि अटी बदलत असतात, पंचायत समितीत जाऊन ताजा कागद बघावा. ताईंनी अर्ज केला. उरलेल्याला आम्ही गटातून दिले, या वेळी खरेदीखताचा मसुदा वाचल्यावर.

मुकादम मात्र घरापर्यंत आला होता. ‘घर बांधताय म्हणं, उचल जास्त घ्या की.’ यावर आम्ही सगळ्या जणी एकदम ‘नको’ म्हणालो. उचलीला कागदावर व्याज दिसत नाही, पण ती अंगावर फिटते. एका हंगामात फिटली नाही तर पुढच्या हंगामाला त्याच मुकादमाकडं जावं लागतं, भाव तो सांगेल तो, दुखणं असलं तरी. उचलीवर बांधलेल्या घरात बाई राहते सहा महिने आणि त्याच घरासाठी बाहेर राबते सहा महिने. दोन खोल्यांऐवजी एकच खोली बांधा, पण उचलीवर नको, हे आमचं मत आहे आणि यावर आम्ही कोणाशीही भांडायला तयार आहोत.

आता नावाबद्दल. घर बाईच्या नावावर किंवा दोघांच्या नावावर करा, हे तुम्ही अनेकदा ऐकलं असेल आणि कानाआड केलं असेल. आमच्या शेजारच्या गावातली एक वहिनी सांगतो. तिचा नवरा हंगामात ट्रॅक्टरखाली गेला. घर दोघांनी मिळून, तिच्या तोडीच्या पैशावर बांधलेलं, पण जागा सासऱ्याच्या नावावर आणि उताऱ्यावर नाव सासऱ्याचं. आज ती माहेरी आहे, भावाच्या पडवीत. हे कुणी मुद्दाम दुष्टपणानं केलं असंही नाही, दिराचं लग्न झालं, त्याला खोली हवी होती. कागदावर तिचं नाव नव्हतं, म्हणून तिला विचारायची गरज कुणाला वाटली नाही.

शासनाचा आदेश आहे, २००३ सालचा, ‘घर दोघांचे’ म्हणतात त्याला. ग्रामपंचायतीच्या घराच्या उताऱ्यावर नवऱ्याबरोबर बायकोचं नाव लावता येतं. नवऱ्यानं अर्ज करायचा. शेतीच्या सातबाऱ्यासाठी असाच ‘लक्ष्मी मुक्ती’चा आदेश १९९२ मध्ये निघाला. घरकुल तर बाईच्या किंवा दोघांच्याच नावे देण्याचं धोरण आहे. आणि कुणी तयार घर विकत घेणार असेल, तर फक्त बाईच्या नावावर घेतल्यास २०२१ पासून मुद्रांक शुल्कात एक टक्का सवलत आहे. नवऱ्याला नावाचं पटत नसेल तर टक्क्याचं सांगून बघा, कधीकधी तेच पटतं. ताईंची जागा ताईंच्याच नावावर झाली. सही करताना हात थरथरत होता, कार्यालयातल्या माणसानं दुसऱ्यांदा करायला लावली.

शेवटी वेळेचं सांगतो, कारण बाहेरगावी जाणाऱ्यांची घरं बहुतेक इथंच अडकतात. घरकुलाचे पैसे एकदम येत नाहीत. पाया झाला की फोटो, भिंती झाल्या की फोटो, मग पुढचा हप्ता. फोटो काढायला अभियंता येतो तेव्हा घरात कोणी नसलं तर हप्ता पुढं जातो. आपण असतो पाडवा ते दसरा. त्यात वैशाखात आमच्याकडं प्यायलाच टँकर, बांधकामाला पाणी कुठून आणायचं? आणि आषाढात चिखल. म्हणून आम्ही ताईंना सांगितलं, उन्हाळ्यात पाया खोदून मुरूम भरून घ्या, आमची माती काळी, ती फुगते, तिच्यावर थेट पाया टिकत नाही. विटा उन्हाळ्यातच आणून टाका, पावसाळ्यात भट्ट्या बंद असतात आणि भाव चढतो. श्रावण-भाद्रपदात विहिरींना पाणी असतं, भिंती आणि स्लॅब तेव्हा. या वर्षी पुण्याला गेले नाहीत दोघं, रोजगार हमीच्या मजुरीवर स्वतःच्या घरावर राबले.

स्लॅब घटस्थापनेच्या आधल्या दिवशी पडला. दसऱ्यानंतर चौथ्या दिवशी ट्रक आहे. स्लॅबला दोन आठवडे तरी रोज पाणी मारावं लागतं. सासूबाईंच्या गुडघ्यांना शिडी झेपत नाही, मुलगी सकाळी शाळेत असते. लहान मुलगा या वेळी मागं राहतोय, पण सात वर्षांच्या पोराला वर कसं चढवायचं? म्हणून आम्ही गटातल्या अकरा जणींनी पाळ्या लावल्या आहेत. सोमवार आणि गुरुवार आमच्याकडं आला आहे.